इंजिन कोणते होते?
चौपाटीवरील विमानकथा वजनाच्या काट्यावर

शिवकर बापूजी तळपदे यांची कथा बहुतेक मराठी वाचकांच्या कानांवरून गेलेली आहे. १८९५ साली मुंबईत गिरगाव चौपाटीवर त्यांनी ‘मरुत्सखा’ नावाचे विमान उडविले. विमानात माणूस नव्हता. ते १५०० फूट उंच गेले आणि मग खाली आले. हे पाहायला न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड हजर होते. ‘केसरी’ने त्याची बातमी दिली. पुढे इंग्रज सरकारच्या दबावामुळे आर्थिक मदत थांबली आणि तळपदे यांच्या निधनानंतर विमानाचे सामान रॅली ब्रदर्सला विकले गेले. राइट बंधूंचे उड्डाण १७ डिसेंबर १९०३ चे; म्हणजे मराठी माणूस आठ वर्षे पुढे होता, असा या कथेचा शेवट असतो.

२०१५ साली या कथेवर ‘हवाईजादा’ हा हिंदी चित्रपट निघाला. त्याच वर्षीच्या जानेवारीत मुंबईला भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला आणि वर्तमानपत्रांत बरेच वादंग झाले. त्यानंतर एका बाजूने अभिमान आणि दुसऱ्या बाजूने थट्टा असे दोन सूर पक्के झाले. या दोन्ही सुरांत एक साधा प्रश्न क्वचितच ऐकू येतो. तो असा, की इंजिन कोणते होते?

प्रश्न छंदी माणसाचा वाटेल, आणि तो तसा आहेही. बुलढाणा जिल्ह्यात खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजा या आमच्या गावी मी शाळेतल्या मुलांबरोबर रेडिओवर चालणारी मॉडेल विमाने जोडतो. कथेतला ‘मरुत्सखा’ माणसाशिवाय उडतो. म्हणजे आजच्या भाषेत ते मॉडेल विमानच. तेव्हा मॉडेल करणारा कुठल्याही विमानाला जे प्रश्न विचारतो, तेच या कथेला विचारून पाहावेत एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आधी वजन, मग इंजिन

नवखा मुलगा दुकानात गेला की आधी इंजिन पाहतो. जोडणारा माणूस आधी काटा पाहतो. पंखांची लांबी दीड मीटर असलेले शिकाऊ विमान, ज्याला छंदातले लोक ट्रेनर म्हणतात, सगळे सामान चढवून साधारण अडीच किलो भरते. त्याला ०.४० घनइंची, म्हणजे साडेसहा सीसीचे दोन-स्ट्रोक ग्लो इंजिन लावण्याचा रिवाज आहे. हे इंजिन मुठीत मावते, वजन अर्ध्या किलोच्या आत असते आणि ते सुमारे एक अश्वशक्ती देते. त्याच विमानाला विजेची मोटर लावायची असेल, तर दर किलोमागे दीडशे ते दोनशे वॅट असा हिशेब धरतात. म्हणजे अडीच किलोला चारशे ते पाचशे वॅटची ब्रशलेस मोटर आणि तिला पुरेल एवढी लिथियम पॉलिमर बॅटरी.

या हिशेबाला हवेचाही हात लागतो. हवा तापली की विरळ होते. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो, तेव्हा थंड देशाच्या १५ अंशांच्या हवेपेक्षा आमची हवा सुमारे दहाव्या हिश्श्याने हलकी असते. पंख्याला धरायला हवा कमी, इंजिनाला ओढायला प्राणवायू कमी आणि पंखांना उचलायला आधारही कमी. म्हणून आम्ही उडवायचे ते सोयाबीन निघाल्यावर, रिकाम्या वावरात, सकाळच्या गारव्यात.

ग्लो इंजिनाचे इंधन म्हणजे मेथॅनॉल, थोडे नायट्रोमिथेन आणि वंगणासाठी एरंडेल तेल. आमच्या आजीच्या औषधाच्या फडताळातले तेलच ते. जुन्या धाटणीच्या मॉडेल डिझेल इंजिनात तर ईथर, रॉकेल आणि एरंडेल जवळजवळ समभाग घालत. पहिल्या महायुद्धातल्या फिरत्या सिलिंडरांच्या विमान-इंजिनांनाही एरंडेलच लागे, कारण ते इंधनात सहज विरघळत नाही आणि तापल्यावरही धातूला धरून राहते.

इंजिन निवडल्यावर जोडणीचे काम सुरू होते. विमानाचा तोल पंखाच्या रुंदीच्या पुढून साधारण पाव ते तिसऱ्या हिश्श्यात यावा लागतो. इंजिन जड असेल तर नाक पडते. हलके असेल तर शेपूट खाली बसते आणि विमान हवेत अडखळून कोसळते. इंजिनाचा रोख अंशा-दोन अंशांनी खाली आणि उजवीकडे ठेवावा लागतो. तात्पर्य, इंजिन ही विमानात शेवटी बसवायची वस्तू नसून सगळा आराखडा तिच्याभोवती उभा राहतो. ज्याने विमान खरोखर उडविले, त्याला इंजिनाचे वजन, ताकद आणि इंधन या तीन गोष्टी तोंडपाठ असतात. आता हाच काटा घेऊन १८९५ सालाकडे जाऊ.

तेव्हा हाताशी काय होते?

त्या काळी मॉडेल विमान उडवू पाहणाऱ्यापुढे चार-पाच मार्ग होते.

पहिला रबराचा. फ्रान्सच्या अल्फोन्स पेनो याने ऑगस्ट १८७१ मध्ये पॅरिसच्या ट्युलरी बागेत पिळलेल्या रबरावर चालणारे छोटे विमान ११ सेकंद उडवून दाखविले. त्याचे खरे यश रबरात नव्हते, शेपटीत होते. शेपटीचा पंख पुढच्या पंखापेक्षा किंचित खाली कलता ठेवला, तर विमान हवेत आपले आपणच सावरते हे त्याने दाखविले. विमानात चालविणारा नाही आणि जमिनीवरून हुकूम देण्याची सोय नाही, अशा वेळी हा गुण नसेल तर इंजिन कितीही जोरदार असले तरी उपयोग नाही.

दुसरा मार्ग वाफेचा. इंग्लंडमधल्या जॉन स्ट्रिंगफेलोने १८४८ मध्ये चार्ड गावच्या लेसच्या गिरणीत वाफेच्या इंजिनाचे मॉडेल तारेवरून सोडले. ते तारेवरून सुटल्यावर खरोखर स्वतःच्या बळावर उडाले की नुसते तरंगत गेले, याबद्दल इतिहासकारांत आजही एकमत नाही. साहेबाचा दावाही असा काट्यावर धरला जातो, हे इथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. हायरम मॅक्सिमने जुलै १८९४ मध्ये केंट परगण्यात साडेतीन टनांचे यंत्र रुळांवरून पळविले. त्यात १८० अश्वशक्तीची दोन वाफेची इंजिने होती. यंत्र उचलले गेले, वरचा अडसराचा रूळ मोडला आणि प्रयोग तिथेच संपला.

पेट्रोलचे इंजिन तेव्हा जन्मून दहाच वर्षे झाली होती आणि ताकदीच्या मानाने ते फार जड होते. दाबलेली हवा थोडा वेळ पुरे. विजेच्या बॅटऱ्या तर शिशाच्या ओझ्यासारख्या.

या सगळ्या मार्गांची परीक्षा एका माणसाने चिकाटीने केली. तो म्हणजे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचा सचिव सॅम्युअल लँग्ली. त्याने रबरावरची कितीतरी मॉडेले केली, दाबलेल्या वायूचा आणि विजेचा विचार केला आणि अखेर वाफेवर आला. एकामागून एक यंत्रे पडली. मग ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीत उभ्या केलेल्या घरनौकेवरून फेकयंत्राने सोडलेले त्याचे ‘एरोड्रोम क्रमांक ५’ सुमारे १००५ मीटर उडाले. त्याच दिवशी दुसऱ्या खेपेला सुमारे ७०० मीटर. वजन ११ किलोंच्या आसपास, इंजिन एक अश्वशक्तीचे, उंची जास्तीत जास्त शंभरेक फूट. आमच्या ट्रेनरचे मुठीएवढे इंजिन जी ताकद देते, तेवढ्याच ताकदीसाठी लँग्लीला बाष्पक, भट्टी, पाणी असा संसार बरोबर न्यावा लागला. आणि हे अमेरिकेतल्या अग्रगण्य संस्थेच्या कारखान्यात, अनेक वर्षांच्या खटाटोपानंतर.

पंधराशे फुटांचा हिशेब

कथेत ‘मरुत्सखा’चे वजन येत नाही. आपण २० किलो धरू. लँग्लीच्या विमानाच्या दुपटीहून थोडे कमी. १५०० फूट म्हणजे ४५७ मीटर. २० किलो तेवढ्या उंचीवर न्यायला सुमारे ९० हजार ज्यूल ऊर्जा लागते. ही चढण एका मिनिटात झाली असे मानले, तर नुसत्या चढणीला दोन अश्वशक्ती हवी. त्यात पंख्यातला तोटा आणि हवेचा विरोध मिळवा. इंजिन तीन ते चार अश्वशक्तीचे निघते. सावकाश चढले म्हणावे, तर तेवढा जास्त वेळ विमानाने स्वतःला हवेत तोलून धरले पाहिजे आणि तेवढे जास्त इंधन बरोबर नेले पाहिजे. कसेही मोजले तरी लँग्लीच्या यंत्रापेक्षा कितीतरी सरस इंजिन चौपाटीवर त्याच्या एक वर्ष आधी असायला हवे होते.

इंजिन कोणते, याचे उत्तर कथा सांगणारे देतात ते पाऱ्याचे. पारा तापवून किंवा सूर्यकिरणांनी चेतवून त्यातून शक्ती निघाली, असे सांगतात. काही जण आजच्या अवकाशयानांतल्या आयन इंजिनाशी त्याचे नाते जोडतात. आता पारा काट्यावर ठेवू. एक लिटर पाऱ्याचे वजन १३.६ किलो, म्हणजे लँग्लीचे अख्खे विमान, इंजिनासकट, एक लिटर पाऱ्यापेक्षा हलके होते. आयन इंजिनात पारा वापरला गेला हे खरे. विसाव्या शतकात अमेरिकेने तसे प्रयोग केले. पण अशा इंजिनाचा जोर फार तर कागदाचा एखादा कपटा उचलेल एवढा असतो. ते अवकाशाच्या पोकळीत महिनोन्‌महिने चालून वेग वाढवते. जमिनीवरून विमान उचलणे त्याच्या कुवतीतले नाही.

पाऱ्याच्या विमानांचा आधार म्हणून ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाकडे बोट दाखविले जाते. हा मजकूर पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात सांगितला आणि दुसऱ्याने उतरून घेतला. म्हैसूरच्या जी. आर. जोस्यर यांनी तो १९७३ मध्ये इंग्रजी भाषांतरासह छापला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एच. एस. मुकुंद आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये त्याची तपासणी केली. ग्रंथाचे संस्कृत वैदिक नाही, तो १९०४ च्या आधीचा असू शकत नाही आणि त्यातली विमाने उडण्याजोगी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. शास्त्रीबुवांच्या मार्गदर्शनाखाली तळपदे यांनी विमानाच्या प्रतिकृती केल्या, पण त्या उडाल्या नाहीत, असेही त्यांच्या निबंधातून कळते. तळपदे वारले १९१६ साली. म्हणजे ज्या मजकुरातून १८९५ चे इंजिन दाखविले जाते, तो मजकूर लिहिला गेला त्यांच्या पश्चात.

साक्ष कशी असते

लँग्लीच्या उड्डाणाला टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल हजर होता. त्याने छायाचित्रे घेतली आणि आपण काय पाहिले ते लिहून दिले. ते पत्र त्याच महिन्यात इंग्लंडच्या ‘नेचर’ साप्ताहिकात छापून आले. यंत्रही जपून ठेवले गेले.

त्याच सुमारास आपल्याच देशात एक प्रयोग झाला, आणि त्याचा रेडिओ-नियंत्रणाशी जवळचा संबंध आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्याला विद्युतचुंबकीय लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजविली आणि दारू उडविली. त्यांनी उपकरणाचे वर्णन छापले आणि जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रयोगासह व्याख्यान दिले. पारतंत्र्य बोसांनाही होते, अपमानही त्यांच्या वाट्याला आले. तरी त्यांचे काम आज कोणालाही तपासता येते. दूरवरून हुकूम देऊन मॉडेल विमान चालविण्याची गोष्ट मात्र पुढे चाळीस वर्षांनी साधली. वॉल्टर आणि विल्यम गुड या अमेरिकी भावांचे ‘गफ’ हे मॉडेल १९३७ चे.

चौपाटीच्या कथेत साक्षीदारांची नावे मोठी आहेत, म्हणूनच त्यांच्याकडे नीट पाहावे लागते. रानडे १८९३ पासून मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते. १८९५ हे वर्ष त्यांच्या आणि टिळकांच्या उघड संघर्षाचे. पुण्याच्या काँग्रेस अधिवेशनाच्या मंडपात सामाजिक परिषद भरावी की नाही यावरून रान पेटले होते. त्या वर्षी ‘केसरी’ने रानड्यांच्या उपस्थितीतला असा अद्भुत प्रसंग छापला असता, तर ती बातमी इतर पत्रांनी उचलली असती किंवा खोडली असती. कथा सांगणारे ‘केसरी’चे नाव घेतात, पण अंकाची तारीख बहुतेक वेळा देत नाहीत. महाराज सयाजीरावांच्या हालचालींची नोंद तर संस्थानाच्या दप्तरात होत असे. चौपाटी म्हणजे काही आडरान नव्हे. १५०० फुटांवर गेलेले यंत्र मलबार हिलवरून आणि बंदरातल्या जहाजांवरूनही दिसले असते.

उरतात ते तळपदे

मग तळपदे यांच्याबद्दल काय म्हणावे? माझ्या मते या कथेने सर्वांत मोठा अन्याय केला आहे तो त्यांच्यावरच.

ते मुंबईच्या पाठारे प्रभू समाजातले, जन्म १८६४ चा. सर जे. जे. कलाशाळेशी त्यांचा संबंध होता, संस्कृतचा व्यासंग होता, आर्य समाजाच्या विचारांचा प्रभाव होता. ‘प्राचीन विमान कलेचा शोध’ नावाचे त्यांचे मराठी पुस्तक १९०७ मध्ये निघाले. विमान कसे उडेल या एका ध्यासात आयुष्याची वर्षे घालविणारा, हाताने काम करणारा मराठी माणूस एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी होता, एवढेच आपल्याला आनंद व्हायला पुरेसे आहे. पण चित्रपटाला, भाषणाला आणि व्हॉट्सॲपला तेवढे पुरत नाही. त्यांना १५०० फूट हवे असतात. मग तळपदे यांनी लाकूड कोणते वापरले, सांधे कसे केले, काय मोडले आणि पुन्हा कसे जोडले हे कोणी विचारत नाही. जे उडाले नाही त्याचाही इतिहास असतो. लँग्लीच्या पडलेल्या यंत्रांचा इतिहास त्याने स्वतः लिहून ठेवला, म्हणून त्याच्या उडालेल्या यंत्रावर जगाचा विश्वास बसला.

इथे एक शक्यता मांडतो. ती शक्यता म्हणूनच घ्यावी. १८९५ मध्ये मुंबईतल्या कुशल हाताला परवडणारे आणि मिळणारे एक इंजिन होते. ते म्हणजे पिळलेले रबर. बांबूच्या कामट्या, पातळ कापड किंवा कागद, कोरलेला लाकडी पंखा आणि रबराचा पीळ यांवर हातभर लांबीचे विमान दहा-वीस सेकंद उडू शकते. आमच्या गावची सातवीतली मुले तसे करतात. तळपदे यांनी असे काही चौपाटीच्या वाऱ्यावर सोडले असेल आणि दहा-बारा माणसांनी टाळ्या वाजविल्या असतील, तर त्यात अशक्य काहीच नाही. त्याचा पुरावा मिळाला, तर हिंदुस्थानातल्या मॉडेल विमानविद्येचे ते एक मानाचे पहिले पान ठरेल. वीस सेकंदांच्या उड्डाणाचे पंधराशे फूट झाले असतील, तर ते ऐकणाऱ्यांच्या तोंडी झाले असतील.

रॅली ब्रदर्स हे नाव आमच्या भागाला परके नाही. वऱ्हाडचा कापूस घेऊन परदेशी पाठविणाऱ्या बड्या पेढ्यांपैकी ती एक. खामगावच्या कापूस बाजारासाठी १८७० मध्ये जलंबहून आगगाडीचा फाटा आला, तो याच व्यापारामुळे. कापसाच्या पेढीने मोडक्या विमानाचे सामान घ्यावे, हे कोडेच आहे; पण पेढी म्हटली की वह्या आल्या, आणि वह्या कुठेतरी असतात.

म्हणून पुढच्या अभ्यासकाला चार ठिकाणे सुचवावीशी वाटतात. पहिले, ‘केसरी’बरोबरच ‘ज्ञानप्रकाश’, ‘इंदुप्रकाश’, ‘सुबोध पत्रिका’ आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’ यांचे १८९५ चे अंक. दुसरे, देशी वर्तमानपत्रांत काय छापून येते याचे इंग्रज सरकार दर आठवड्याला जे इंग्रजी गोषवारे करून घेत असे ते. मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात ते आहेत. तिसरे, बडोदा संस्थानचे दप्तर. चौथे, पाठारे प्रभू घराण्यांतले जुने कागद, जे अजून कोणाच्या पेटीत पडून असतील.

शोधणाऱ्याने तिथे ‘विमान’ हा शब्द जरूर शोधावा. पण त्याबरोबर रबर, बांबू, बाष्पक, पितळेची नळी, सुताराची मजुरी असले शब्दही शोधावेत. विमान उडविणाऱ्याच्या मागे खर्चाचा कागद राहतो, आणि त्या कागदावर इंजिनाची किंमत सहसा सर्वांत वर लिहिलेली असते.